तळाची वाळू

बारामतीला खारेपणाची वाण कधीच नव्हती. वाण होती ती समुद्राची. १८८५ साली नीरेचा डावा कालवा आला, माळराने हिरवी झाली, उसाने माड्या चढवल्या. पण मुरलेले पाणी हळूहळू वर आले आणि जमिनीच्या पोटातले क्षारही घेऊन आले. कालव्याखालच्या सखल रानांत उन्हाळ्यात जी पांढरी खपली दिसते, ती त्याचीच. असल्या मुलखात आमच्या चिरंजीवांनी दिवाणखान्यात समुद्र मांडला, तर नवल ते काय!

समुद्र म्हणजे चार फूट लांबीची काचेची पेटी. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ, आणि पाण्यात नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन क्लाउनफिश. तळाशी पोवळ्याचा जाडा भरडा होता. त्याच्या फटींत उष्टे-खरकटे अडके, कुजे, आणि पाण्यातले नायट्रेट चढत जाई. भरडा काढून बारीक वाळू घालायची, असा चिरंजीवांनी निकाल दिला. वाळूची किंमत ऐकून सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, आपल्या नदीची वाळू काय वाईट आहे? माझ्या माहेरी एवढी भीमा वाहते!"

माहेर इंदापूर तालुक्यातले. त्यापुढे आमचे काय चालणार? कऱ्हेकाठी मोरोपंतांनी आर्या रचल्या, म्हणून आम्हा मराठीच्या प्राध्यापकांना बारामतीत थोडा मान आहे. परंतु तो माशांच्या बाबतीत घरात चालत नाही. एका रविवारी निघालो.

भिगवणला नदी दिसतच नाही, दिसतो तो उजनीचा फुगवटा. १९८० मध्ये धरण पुरे झाले आणि भीमेचे पात्र त्याखाली गेले. उथळ पाण्यात रोहित पक्षी चोची उलट्या धरून चिखल चाळीत होते. "बाबा, हे तर चालते-फिरते फिल्टर!" चिरंजीव म्हणाले. बाजारात चिलापीचे ढीग होते. मूळचा हा आफ्रिकेचा मासा. आता इथला घरजावई.

पुढे पळसदेव. जुने गाव पाण्यात गेले, नवे वर वसले. धरण आटले की पळसनाथाच्या जुन्या मंदिराचे शिखर डोके काढते. आमचे सासरे सांगत, याच अंगाला उन्हाळ्यात पात्रातल्या वाळूत खड्डे करून टरबुजे लावीत असत. सौभाग्यवतींनी काठावर उतरून हात घातला, तो मनगटापर्यंत काळा गाळ. त्या काही बोलल्या नाहीत. रुमालाने हात मात्र बराच वेळ पुसत राहिल्या.

वाळू भेटली ती नीरा-नरसिंहपूरला, धरणाच्या खाली, नीरा-भीमेच्या संगमावर. इथली नरसिंहाची मूर्ती प्रल्हादाने वाळूची घडवली, अशी श्रद्धा आहे. भीमेच्या वाळूला आता मूर्तिकारांपेक्षा चोर फार. चोरट्या उपशाच्या बोटी जिलेटिनने उडवल्याच्या बातम्या या तालुक्याला नव्या नाहीत. आम्ही घेतली ती ओंजळभर.

चिरंजीवांनी खिशातून चुंबक काढून वाळूवरून फिरवले. त्याला काळी मिशीच फुटली! सह्याद्रीच्या काळ्या कातळापासून झालेली ही वाळू. तिच्यात लोखंडाचे कण असायचेच. काच घासायच्या चुंबकाला ते चिकटले की काचेवर ओरखडे. मग लिंबू पिळले. चुनखडीचे चार कण फसफसले, बाकीचे ढिम्म. पेटीला हवी होती ती शिंपल्या-पोवळ्यांच्या चुन्याची वाळू. "नरसिंहाची नरसिंहालाच बरी," म्हणून सौभाग्यवतींनी ओंजळ संगमात सोडली.

शेवटी पोती मुंबईहून आली. पण तळ एकदम उपसता येत नाही, बरे का. माशांच्या मलमूत्रातला अमोनिया पचवणारे जिवाणू त्या भरड्यावरच वस्तीला असतात. शिवाय दडलेली घाण उसळते. म्हणून आठवड्याला चौथा हिस्सा काढायचा आणि धुतलेली वाळू नळीतून अलगद तळाशी सोडायची. दोन खेपा सुखरूप झाल्या. तिसऱ्या खेपेला कोपऱ्यातला जुना गाळ सुटला. रात्री दहाला थोरला मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागला. तपासणीच्या नळीतले पाणी पिवळ्याचे हिरवे झाले, म्हणजे अमोनिया. खारे पाणी कालवून ठेवले होते म्हणून निभावले. दर तासाला बादलीभर बदलत चिरंजीव बसले, आणि माशांना नावे ठेवणाऱ्या त्यांच्या मातोश्री बॅटरी धरून शेजारी. पहाटे मासा खाली उतरला. चौथा हिस्सा तीन आठवडे तसाच ठेवला.

आता तळाशी दोन इंच पांढरी वाळू आहे. नुकताच एक गोबी मासा आणला आहे. तो दिवसभर तोंडाने वाळू उचलून खड्डे करतो. चिरंजीवांना वाटते, तो घर बांधतो आहे. त्यांच्या मातोश्रींचे मत, टरबुजे लावतो आहे.