मागचे ब्रेक कोण खातं?

ब्रेकचं गणित सगळ्यांना माहीत असतं. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे येतं, म्हणून जास्त काम पुढचे ब्रेक करतात, म्हणून पुढचेच पॅड आधी संपतात. रोजच्या ऑफिसच्या रस्त्यावर हे बहुतेक वेळा खरंही असतं. पण तीच गाडी रेस ट्रॅकवर नेली की गणित चक्क उलटं होऊ शकतं.

इकडे कॅलिफोर्नियात 'ट्रॅक डे' नावाचं एक महागडं व्यसन आहे. पैसे भरा, हेल्मेट घाला आणि आपलीच गाडी ट्रॅकवर पळवा. शर्यत नाही, ट्रॉफी नाही, नुसती हौस. माझा एक मित्र (तोही कोडच पाडतो) त्याची २००९ ची बीएमडब्ल्यू ३२८आय घेऊन लगूना सेकाला जातो. एकदा चाकं काढून बघतो तर पुढचे पॅड अर्धे शिल्लक, आणि मागे डावीकडचे जवळजवळ लोखंडाला टेकलेले! वर्कशॉपवाल्याचं निदान तयारच होतं, "कॅलिपर जाम झालाय, दोन्ही बदला."

आता, या गाडीचा कॅलिपर पिनांवर सरकणारा आहे. तो जाम झाला तर सहसा एका बाजूचा पॅड संपतो आणि दुसरा तसाच राहतो. इथे आतला-बाहेरचा दोन्ही सारखेच झिजले होते, आणि कॅलिपर हाताने मस्त सरकत होता. म्हणजे ब्रेक खरोखरच दाबला जात होता. फक्त मित्राच्या पायाने नाही.

दाबत होतं सॉफ्टवेअर. बॉशने १९९५ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये ईएसपी आणलं, तेव्हापासून गाडी हवं ते चाक स्वतःच ब्रेक करू शकते. वळणातून बाहेर पडताना तुम्ही अॅक्सिलरेटर दाबता, आतल्या बाजूचं मागचं चाक हलकं होऊन फिरायला लागतं, आणि कॉम्प्युटर गुपचूप तेवढंच चाक धरतो. गाडी वळणात बाहेर सरकायला लागली तरी आतलं मागचंच चाक पकडलं जातं. रस्त्यावर हे कधीतरी होतं. ट्रॅकवर दर लॅपला अनेकदा. त्यात लगूना सेका घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो, डावी वळणं जास्त, म्हणजे मार बसणार डाव्या चाकाला.

आणि खरी गंमत पुढे आहे. या गाडीत पॅड झिजल्याचा सेन्सर पुढच्या डाव्या आणि मागच्या उजव्या चाकाला असतो. म्हणजे जो सर्व्हर पेटलाय त्याच्यावर मॉनिटरिंगच नाही! डॅशबोर्ड शेवटपर्यंत 'सब ठीक' सांगत राहणार.

यात खर्चापेक्षा मोठी भानगड उष्णतेची आहे. पॅड पातळ झाला की उष्णता थेट पिस्टनमार्गे ब्रेक ऑइलमध्ये जाते. डॉट ४ ऑइल नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पण हवेतली आर्द्रता शोषून ती मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. ऑइल उकळलं की वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पाय थेट फ्लोअरपर्यंत! लगूना सेकाच्या कॉर्कस्क्रू वळणात रस्ता ४५० फुटांत ५९ फूट खाली जातो. त्याच्या तोंडाशी हे व्हायला नको.

यावर मिळणारा एक सल्ला मला भयंकर वाटतो: "मागे फक्त कडक रेसिंग पॅड टाक." त्याने ब्रेकचा तोल मागे सरकतो, आणि जोरात ब्रेक लावल्यावर गाडीची शेपूट आधी सुटायला बघते. पॅड बदलायचे तर पुढचे-मागचे एकमेकांना जुळणारे, आणि एका अॅक्सलचे दोन्ही बाजूंचे एकदम. दुसरा सल्ला, सगळे इलेक्ट्रॉनिक्स बंद कर. कसलेल्या ड्रायव्हरला ठीक आहे. वर्षातून चारदा जाणाऱ्याला, ज्याला सोमवारी त्याच गाडीने ऑफिस गाठायचंय, मी तरी सांगणार नाही.

मित्राने वेगळंच केलं. ट्रॅक डेच्या आधी नवं ऑइल, शेवटची लॅप ब्रेक न वापरता सावकाश, आणि दोन सेशनच्या मध्ये टॉर्च घेऊन चारही चाकांचे पॅड बघायचे. अर्ध्याच्या खाली गेले की दिवस संपला. शिवाय कॉम्प्युटरने हात घातला की डॅशबोर्डवर पिवळा त्रिकोण लुकलुकतो, तो शेजारी बसलेला इन्स्ट्रक्टर मोजतो :-) अकराव्या वळणानंतर अॅक्सिलरेटर जरा उशिरा दाबायला लागल्यापासून आकडा निम्म्यावर आलाय. डावा पॅड अजूनही उजव्यापेक्षा पातळच असतो, पण मागच्या वेळी मोजला तेव्हा फरक दीड मिलिमीटरचा होता.