काउंटरच्या आतली बाजू

परवा तास संपल्यावर दहावीतली एक मुलगी टेबलाजवळ आली. हातात एक गुळगुळीत पत्रक होते. "सर, तुम्ही पूर्वी विमान कंपनीत होता म्हणे. कशी असते हो ती नोकरी?" पत्रक तालुक्याच्या गावात नव्याने निघालेल्या एका संस्थेचे होते. निळे आकाश, गळ्यात लाल स्कार्फ बांधलेली हसरी मुलगी आणि खाली 'एअर होस्टेस व ग्राउंड स्टाफ, शंभर टक्के नोकरी'. फी किती, ते कुठेच छापलेले नव्हते.

पुढच्या तासाची घंटा झाली होती. मी तिला दोन-चार वाक्यांत काहीतरी सांगितले आणि "उद्या बोलू" म्हणालो. पण तो प्रश्न संध्याकाळपर्यंत डोक्यातून गेला नाही. आज मी उर्दू आणि मराठी शिकवतो. बी.एड. करण्याआधी मात्र २००३ ते २००९ अशी सहा वर्षे मी मुंबईच्या सहार विमानतळावर एका विमान कंपनीच्या चेक-इन काउंटरवर काढली. कंपनीचे नाव इथे नको. जे सांगायचे आहे ते माझ्याबद्दलच आहे.

विमान कंपनी हा शब्द आमच्या घरात आला १९९० साली. अब्बा तेव्हा कुवेतमध्ये एका गॅरेजात फिटर होते. २ ऑगस्टला इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या, फोन बंद पडले आणि खेड तालुक्यातल्या आमच्या मोहल्ल्यात घराघरात रडारड सुरू झाली. अम्मी रोज मगरिबनंतर रेडिओ लावून बसायची. मी दहा वर्षांचा होतो. अब्बा बसने इराकमधून जॉर्डनच्या सीमेवर पोचले, काही दिवस वाळवंटात तंबूत राहिले आणि शेवटी अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईत उतरले. त्या दोन महिन्यांत एअर इंडियाने चारशेहून अधिक फेऱ्या करून एक लाखाहून अधिक भारतीयांना परत आणले, हे मी पुढे वाचले. अब्बांना आकडे माहीत नाहीत. त्यांना आठवतो तो जेवणाचा दुसरा ट्रे. पहिला त्यांनी दोन मिनिटांत संपवलेला पाहून हवाई सुंदरीने काही न बोलता दुसरा पुढे ठेवला होता.

ही गोष्ट लहानपणी इतक्यांदा ऐकली की विमान कंपनी म्हणजे लोकांचे अब्बा घरी आणणारी माणसे, असे माझ्या मनात पक्के बसले. पेपरात जाहिरात पाहून बी.ए.ची मार्कशीट घेऊन मी मुलाखतीला गेलो, तो त्या ट्रेमुळे.

नोकरी लागल्यावर कळले की हे रात्रीचे काम आहे. आखाताची बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटायची. सुटण्याच्या तीन तास आधी काउंटर उघडायचा, एक तास आधी बंद व्हायचा. त्या दोन तासांत तीन-चार काउंटरवरून दीडशे-दोनशे माणसे, त्यांच्या बॅगा, त्यांचे पासपोर्ट आणि त्यांची घालमेल हातावेगळी करायची. तिकीट तपासा, व्हिसा पाहा, बॅग काट्यावर घ्या, टॅग लावा, सीट द्या. कोणतीही एक बॅग ३२ किलोंपेक्षा जड घ्यायची नाही, कारण ती खाली कोणीतरी माणूसच उचलणार असतो. हा नियम मला आवडायचा. मोफत वजनाची मर्यादा मात्र त्याहून बरीच कमी असायची आणि खरे रडगाणे तिथे सुरू व्हायचे. फरशीवर बॅगा उघडल्या जायच्या. सुके बोंबील, कोकमे, तांदळाचे पापड, आईने फडक्यात बांधून दिलेले काहीबाही बाहेर निघायचे. काय ठेवायचे आणि काय सोडायला आलेल्या भावाकडे परत द्यायचे, हे त्या माणसाने माझ्यासमोर, लोकांसमोर ठरवायचे. मी तेवढा वेळ स्क्रीनकडे बघायचो.

काउंटर बंद झाला की गेटवर पळायचे. तिथे डोकी मोजायची. एखादा प्रवासी आत आलाच नाही तर त्याची बॅगही विमानातून उतरवावी लागते, माणसाविना सामान जाऊ देत नाहीत. मग लोडर शिव्या घालत शंभर बॅगांतून ती एक शोधणार, पायलट घड्याळ बघणार आणि उशीर कोणाच्या खात्यावर मांडायचा यावरून विभागांची भांडणे होणार. पहाटे लोकल पकडून घरी यायचे तेव्हा शेजारचे लोक दूध आणायला निघालेले असायचे. रमजानात सेहरी उभ्याने, ब्रेक रूममध्ये. ईदच्या दिवशी गर्दी जास्त म्हणून सुट्टी नाही.

आणि फुकटचा विमानप्रवास? मुले आधी हेच विचारतात. स्टाफचे तिकीट स्वस्त असते, पण सीट रिकामी राहिली तरच बसायला मिळते. दुबईला मामूंकडे न्यायला मी अम्मीला घेऊन सलग दोन रात्री विमानतळावर बसलो. दोन्ही रात्री विमान भरून गेले. तिसऱ्या रात्री अम्मी म्हणाली, "बेटा, एसटीत निदान उभं तरी राहता येतं."

एवढे सगळे मी वर्गात हसत हसत सांगू शकतो. पुढचे आजवर कोणाला सांगितलेले नाही, अब्बा सोडून.

आखाताच्या रांगेतली माणसे माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचायची, किंवा दुसऱ्याकडून वाचून घ्यायची, आणि हळूच सरकून माझ्या रांगेत यायची. आपला माणूस आहे, समजून घेईल, असा हिशेब. २००६ सालच्या एका रात्री असाच एक जण समोर आला. पस्तिशीचा असेल. नवा शर्ट, घडीच्या खुणा तशाच. माझे नाव वाचून त्याने आमच्याकडच्या बोलीत विचारले, "कुठला रं बाबा तू? आपलाच दिसतोस." त्याचे गाव माझ्या गावापासून पंधरा-वीस किलोमीटरवर. तो खेड-दापोली टेम्पो चालवायचा. सौदीला ड्रायव्हर म्हणून चालला होता. न मागता त्याने लॅमिनेट केलेले लायसन्स काढून माझ्यासमोर धरले.

मी पासपोर्ट उघडला. सौदीचा कामाचा व्हिसा अरबीत असायचा आणि त्यात व्यवसायाचा रकाना असायचा. आमच्या काउंटरवर बहुतेकांना त्यातले फक्त आकडे आणि तारखा कळायच्या. मी सातवीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेला, अक्षरे तर तीच. ड्रायव्हरला अरबीत 'साइक़' म्हणतात, रोज पाहून तो शब्द ओळखीचा झाला होता. या व्हिसावर 'साइक़' नव्हते. 'राई' होते.

हा शब्द मला विमानतळाने शिकवला नव्हता. तो मक्तबमध्ये मौलवीसाहेबांनी शिकवला होता. प्रत्येक माणूस राई आहे आणि त्याच्या हवाली केलेल्यांबद्दल त्याला जाब द्यावा लागेल, या अर्थाची हदीस सगळ्यांना माहीत आहे. राई म्हणजे राखणारा. साधा अर्थ, मेंढपाळ.

त्याला टेम्पो चालवायचा आहे असे वाटत होते. कागद सांगत होता की तो मेंढ्या राखायला चालला आहे, कुठल्या वाळवंटात ते अल्लाला ठाऊक.

माझ्या कामाची हद्द स्पष्ट होती. कागद खरे आहेत का, मुदतीत आहेत का, एवढेच पाहायचे. चुकीच्या कागदांवर कोणी गेला आणि तिकडून परत पाठवला गेला, तर कंपनीला त्याला परत आणावे लागते आणि दंडही बसू शकतो. म्हणून आम्ही व्हिसा तपासायचो, कंपनीला वाचवण्यासाठी. त्याचे कागद खरे होते. सगळे शिक्के जागच्या जागी होते. त्याच्यामागे चाळीस माणसे होती आणि काउंटर बंद व्हायला पंचवीस मिनिटे.

त्याने विचारले, "बाबा, खिडकी मिळंल काय? पैल्यांदाच बसतोय."

मी त्याला खिडकी दिली. पंखाच्या पुढची, चांगली. बोर्डिंग पास हातात ठेवला, इमिग्रेशन कुठे ते दाखवले आणि सवयीने इंग्रजीत म्हणालो, "हॅव अ नाइस फ्लाइट." तो लाजून हसला आणि गेला.

पुढच्या सुट्टीत घरी गेल्यावर अब्बांना सांगितले. मी माझी बाजूही मांडली. त्याने नक्की कर्ज काढले असणार, जमीन गहाण टाकली असणार. एजंटाचे पैसे देऊन झालेले. सांगून तरी काय झाले असते? तो गेलाच असता.

अब्बा बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "गेला असता. पण जाणून गेला असता. तिथं उतरल्यावर कोणाला फोन करायचा, कोणाला विचारायचं, याचा रात्रभर विचार तरी केला असता. तू त्याला झोपवून पाठवलंस."

त्यानंतर मी काही वेळा बोललो. व्हिसा परत देताना हळूच सांगायचो, इथे हे लिहिलंय, एजंटाने काय सांगितलं होतं? एक जण माझ्यावरच चिडला. दुसऱ्याने खांदे उडवले, म्हणाला ठाऊक आहे. एक तरुण मात्र रांगेतून बाजूला झाला, कोणाला तरी फोन करत बसला आणि काउंटर बंद होईपर्यंत परत आला नाही. त्याचे भले झाले की नुकसान, मला कळले नाही. त्या खिडकीवाल्या माणसाचेही पुढे काय झाले, कळले नाही. त्याच्या गावाला जाऊन विचारणे अवघड नव्हते. मी गेलो नाही.

२००९ मध्ये मंदीत आमची कंत्राटे पुढे वाढवली नाहीत. शेवटचे दोन पगार उशिरा आले, पण आले. पुढे किंगफिशर २०१२ मध्ये, जेट २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट २०२३ मध्ये जमिनीवर आली, तेव्हा हजारो माणसांचे काय हाल झाले ते सर्वांनी पाहिले. मी लवकर सुटलो. बी.एड. केले आणि शाळेत लागलो.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला मी मधल्या सुट्टीत बोलावले. सांगितले की आधी बारावी कर. कंपन्या निवडलेल्या मुलांना स्वतः शिकवतात, विमानातल्या कर्मचाऱ्यांचे सुरक्षेचे प्रशिक्षण तर त्यांना द्यावेच लागते. तेव्हा हा कोर्स केला म्हणजे नोकरी, असे नाही. संस्थेत गेलीसच तर फी आणि 'शंभर टक्के' हे दोन्ही लिहून माग. काम कष्टाचे आहे, रात्रीचे आहे, पण वाईट नाही. माणसे फार भेटतात.

त्याच आठवड्यात वर्गाचे दोन तास मी पुस्तक बाजूला ठेवले. गेली काही वर्षे दहावीला मी हे करतो. फळ्यावर नोकरीच्या करारातले, व्हिसावरचे शब्द लिहितो: साइक़, राई, आमिल, म्हणजे कामगार. उर्दू येणाऱ्या मुलांनी वाचायचे, न येणाऱ्यांना मराठीत समजावून द्यायचे. एजंट सरकारकडे नोंदलेला आहे का, हे ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर कसे पाहायचे ते दाखवतो. आणि सांगतो की दहावी पास न झालेल्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर' येते आणि कामासाठी आखातात जाताना त्याला वेगळी परवानगी काढावी लागते. दहावीचा दाखला असेल तर ती अट नाही. मागच्या बाकावरचा एक जण नववीनंतर शाळा सोडून चुलत्याकडे कतारला जायचे म्हणत होता. तो अजून येतोय.

तास संपताना त्या मुलीने फळ्याकडे बोट दाखवले. "सर, राई म्हणजे मेंढपाळ, तर मग नोकरी ड्रायव्हरची सांगून असं लिहिलेलं असेल, तर काउंटरवरचा माणूस सांगत नाही का?"

मी म्हणालो, "सांगायला हवं. मी एकदा सांगितलं नव्हतं."

वर्ग गप्प झाला. मग मी त्यांना ही सगळी गोष्ट सांगितली, खिडकीच्या सीटसकट.