अर्धे ताट

पक्षाघाताच्या आजाऱ्यांच्या समाचारास जाता एक तक्रार आमच्या कानी वारंवार पडते: “बाबा फार हट्टी झाले आहेत. ताटातले उजवीकडचे तेवढे जेवतात, डावीकडचे तसेच टाकतात. डाव्या अंगाने हाक मारली तर ओ देत नाहीत.” वाचकहो, हा हट्ट नव्हे.

मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागास इजा झाली म्हणजे पुष्कळदा डावीकडचे लक्षच हरपते. डोळे शाबूत असूनही ती बाजू मनास नाहीशी होते. १९७८ साली बिसियाक व लुझ्झात्ती ह्या इटालियन संशोधकांनी मिलान येथील अशा दोन रुग्णांस कॅथीड्रलसमोरील चौक मनात आणावयास सांगितले. कॅथीड्रलकडे तोंड केल्याची कल्पना करता त्यांनी बहुतेक उजवीकडच्याच इमारती सांगितल्या. कॅथीड्रलच्या दाराशी पाठ करून उभे असल्याचे कल्पिताच मघाशी गाळलेल्या इमारती आठवल्या, आणि आधीच्या गळल्या! स्मरण होते, लक्ष नव्हते.

ह्यावर कवटी न उघडता उपाय शोधला जात आहे. १९८५ साली इंग्लंडात शेफील्ड येथे अँथनी बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्यावर तारेचे वेटोळे धरून चुंबकीय झटक्याने मेंदू चेतविला. दुसऱ्या रीतीत डोक्यावर ओलसर पट्ट्या बांधून एक-दोन मिलिअँपिअर इतका सौम्य विद्युत्प्रवाह सोडतात. मेंदूचे दोन्ही भाग एकमेकांस आवरून धरतात. उजवा दुबळा होताच डावा शिरजोर होतो, म्हणून त्यास किंचित शांत करावे, असा हा विचार. काही प्रयोगांत रुग्णांचे लक्ष सुधारले. तथापि ते प्रयोग लहान होते, आणि गुण टिकतो की नाही हे अद्याप ठरलेले नाही. म्हणून हमखास गुणाचे वचन देऊन कोणी पैसे मागितल्यास सावध असावे. रुग्णास फिट येत असल्यास किंवा त्याच्या डोक्यात धातू बसविला असल्यास डॉक्टरांस आधीच सांगावे.

यंत्राची वाट न पाहता घरच्यांस करता येण्याजोगे पुष्कळ आहे. जेवता जेवता ताट फिरवून द्यावे. डाव्या बाजूस बसून, हात हाती घेऊन नावाने हाक मारावी आणि मान वळेपर्यंत थांबावे. रस्त्यावर एकटे सोडू नये. डावीकडून येणारी मोटार त्यांच्या ध्यानी येत नाही. आणि ‘हट्टी’ हा शब्द आजाऱ्याच्या खाटेपाशी पुन्हा उच्चारू नये.