परवलीचा शब्द

अलीबाबाची गोष्ट ठाऊक नाही, असे मूल विरळाच. डोंगरातील गुहेसमोर उभे राहून ठरावीक शब्द उच्चारले, की तिचे दार आपोआप उघडे आणि आतील संपत्ती दृष्टीस पडे. त्या गुहेचा एक विशेष मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. शब्द चोराने उच्चारला काय किंवा अलीबाबाने उच्चारला काय, तिला दोन्ही सारखेच. तिला शब्द कळे. माणूस कळत नसे.

आज तशीच एक गुहा लहानशा डब्याच्या रूपाने अनेक घरांत येऊन बसली आहे. त्या डब्याला त्याच्या नावाने हाक मारून आज्ञा केली, की दिवा लागतो, पंखा थांबतो, गाणे सुरू होते. ही किमया एका रात्रीत साधलेली नाही. १९५२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झालेल्या ‘ऑड्री’ नावाच्या यंत्राला शून्यापासून नऊपर्यंतचे अंक तेवढे ओळखता येत. तेही ओळखीच्या आवाजात, थांबून थांबून उच्चारले तरच. १९६२ साली आय.बी.एम. कंपनीने लोकांपुढे मांडलेल्या ‘शूबॉक्स’ या यंत्राला अवघे १६ शब्द समजत. घरात ठेवण्याजोगा असा डबा बाजारात येण्यास २०१४ साल उजाडावे लागले. २०१९ पर्यंत भारतातील असे डबे हिंदीतूनही आज्ञा ऐकू लागले.

डबा घरी आणला म्हणजे तो लागलीच कामास लागतो, असे नाही. त्याला वीज द्यावी, मोबाइलमध्ये त्याचे ॲप घ्यावे, घरातील वाय-फायशी त्याची जोडणी करावी, हे काम सोपे. खरी परीक्षा पुढेच असते. वाय-फायशी जोडता येणारे दिवे आणून त्या प्रत्येकाचे बारसे करावे लागते. दोन दिव्यांना एकच नाव पडले, की यंत्र गोंधळते. आजी जिला ‘बाहेरची खोली’ म्हणते, तिलाच नात ‘हॉल’ म्हणते. आजवर घरातील सर्वांना दोन्ही नावे कळत होती. यंत्र मात्र दिलेल्या नावावर अडून बसते. म्हणून सर्वांनी एकत्र बसून नावे ठरवावीत हे उत्तम. घरातील सर्वांत वृद्ध माणसाच्या ओठांवर जे नाव सहज येते, तेच ठेवणे शहाणपणाचे. कारण या यंत्राची खरी गरज बहुधा त्यालाच असते.

मध्यरात्री तहान लागली, की गुडघेदुखीने जेरीस आलेल्या आजीला अंधारात चाचपडत बटणापर्यंत जावे लागते. कुणाला हाक मारावी, तर सारे निजलेले. अंथरुणात बसल्या बसल्या तिने आज्ञा केली आणि उजेड पडला, तर पडण्याचे भय टळते व कुणाची झोपमोड केल्याची खंतही उरत नाही. अंध माणसाला किंवा हात हलवू न शकणाऱ्या रुग्णाला तर एखादे काम दुसऱ्याच्या मदतीवाचून केल्याचे समाधान फार मोलाचे वाटते. परंतु काटकसरी आजोबांनी सवयीने भिंतीवरचे बटण बंद केले, तर दिव्याला वीजच मिळत नाही. मग कितीही आज्ञा करा, तो लागत नाही. इंटरनेट बंद पडले, तरी बहुधा हीच गत. म्हणून उशाशी विजेरी ठेवण्याची जुनी चाल मोडू नये.

हा डबा आपल्या नावाची वाट पाहत सदैव कान देऊन असतो. नाव ऐकू आले, की पुढील बोलणे सामान्यतः इंटरनेटवरून दूरच्या संगणकांकडे जाते. तेथे त्याचा अर्थ लावला जातो. २०१७ च्या आरंभी अमेरिकेत एक बातमी गाजली. डॅलस येथील सहा वर्षांच्या एका मुलीने डब्याशी बोलता बोलता बाहुलीघर मागितले, आणि ते खरोखरच घरी येऊन पोहोचले! सॅन डिएगो येथील दूरचित्रवाणीच्या निवेदकाने ही हकिकत सांगताना डब्याचे नाव घेतले, तेव्हा आपल्या घरच्या डब्यांनीही बाहुलीघर मागवू पाहिले, अशी तक्रार काही प्रेक्षकांनी केली. डब्यांना शब्द कळला होता. माणूस कळला नव्हता.

म्हणून सुज्ञ कुटुंबे काही मर्यादा आखून घेतात. गुप्त अंक सांगितल्यावाचून खरेदी होऊ नये, अशी व्यवस्था ती करतात. दाराचे कुलूप नुसत्या हाकेवर उघडू देत नाहीत. खाजगी बोलणे चालू असता डब्याचा कान बंद करणारे बटण दाबतात, आणि साठलेली ध्वनिमुद्रणे ॲपमधून पुसून टाकतात.

हे यंत्र बसविण्याचे काम पुष्कळदा घरातील मुलांकडे येते, कारण त्यांची बोटे मोबाइलवर सराईतपणे फिरतात. ते काम पत्करणे म्हणजे घराच्या किल्ल्या हाती घेणे होय. डबा कोठे ठेवावा, त्याने काय ऐकावे, हे वडीलधाऱ्यांना विचारूनच ठरवावे. आजीला परवलीचा शब्द शिकवावा; ती अडखळली, तर न कंटाळता पुन्हा शिकवावा; आणि आपल्या खोलीत डबा नको असे ती म्हणाली, तर तेही मानावे. आजीच्या शब्दासरशी डबा दिवा लावील. परंतु ती तहानेने जागी झाली आहे की एकटेपणाने, हे ओळखण्याचे काम घरातील माणसांकडेच राहते.