शुभवार्ता आणि अनुमोदना

जैन दर्शनात कर्माचा विचार कृत, कारित आणि अनुमोदित अशा तीन अंगांनी केला जातो. स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवून घेतलेले आणि दुसऱ्याने केलेल्यास मनापासून संमती दिलेले, या तिन्हींचे फळ जीवाला मिळते. पापाच्या बाबतीत हा विचार आपल्याला सावध करतो, तर पुण्याच्या बाबतीत मोठा दिलासा देतो. ज्याच्याजवळ धन नाही, शरीरात बळ नाही, तोही दुसऱ्याच्या सत्कार्याची अनुमोदना करून त्या पुण्याचा वाटेकरी होऊ शकतो. आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात मैत्री, प्रमोद, कारुण्य आणि माध्यस्थ्य या चार भावना सांगितल्या. त्यांतील प्रमोद म्हणजे गुणवंतांना पाहून होणारा हर्ष. म्हणजे चांगली वार्ता ऐकून आनंद होणे हीदेखील आपल्याकडे एक साधनाच आहे.

हल्ली अशा शुभवार्तांना तोटा नाही. कुठे एखाद्या डॉक्टरांनी शेकडो गरिबांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया विनामूल्य केली, कुठे एखाद्या असाध्य रोगावर औषध सापडले, की ती बातमी क्षणार्धात हातातल्या मोबाईलवर येते. तिच्याखाली जोडलेल्या हातांची, फुलांची आणि ‘अनुमोदना, अनुमोदना’ या शब्दांची रांग लागते. हा आनंद खोटा असतो असे मी मुळीच म्हणणार नाही. वाईट बातम्यांच्या भडिमारात मन अशा वार्तेसाठी आसुसलेले असते. प्रश्न त्यानंतरचा आहे. शुभवार्ता ऐकून आपल्या वागण्यात काय बदलते? याचे उत्तर शोधायला मला फार लांब जावे लागत नाही. आमच्या वर्धा जिल्ह्याने वैद्यकातील एक फार मोठी शुभवार्ता अगदी जवळून पाहिली आहे. ती वार्ता म्हणजे कुष्ठरोग बरा होतो, ही.

1873 साली नॉर्वेतील हॅन्सन यांनी कुष्ठरोगाचा जंतू शोधला आणि हा रोग म्हणजे पूर्वजन्मीच्या पापाची शिक्षा, ही समजूत शास्त्राच्या दृष्टीने तेव्हाच निकालात निघाली. तरीही औषध म्हणून दीर्घकाळ कडू कवठाच्या तेलाची टोचणीच काय ती हाती होती. अशा काळात, 1936 साली, विनोबाजींच्या प्रेरणेने मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठरुग्णांची सेवा सुरू केली. रोग बरा करण्याची खात्री नसताना ते रुग्णांपाशी गेले. सेवाग्राम आश्रमात परचुरेशास्त्री हे संस्कृतचे विद्वान कुष्ठरोगाने पीडित होऊन आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या अंगाला मालिश केले. पुढे गांधीजींनी ‘रचनात्मक कार्यक्रम’ या पुस्तिकेत कुष्ठसेवेचा समावेश केला आणि दिवाणांच्या कामाचा तेथे आवर्जून उल्लेख केला.

1940 च्या दशकात सल्फोन गटातील औषधे आली आणि रोगाला पहिल्यांदा खरा लगाम बसला. 1951 साली गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानची स्थापना होऊन त्याचे कार्य वर्ध्यातून चालू लागले. तेथे डॉ. वारदेकर यांनी जी पद्धत विकसित केली, ती सांगायला अतिशय साधी आहे. रुग्ण दवाखान्यात येईल म्हणून वाट पाहायची नाही. घरोघरी जाऊन पाहणी करायची, लोकांना रोगाची माहिती द्यायची आणि घरी राहूनच उपचार करायचे. सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार या त्रिसूत्रीवर पुढे देशाचा कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला. 1981 साली जागतिक आरोग्य संघटनेने एकाहून अधिक औषधे एकत्र देण्याची शिफारस केली. हे बहुविध औषधोपचार आपल्या देशात ज्या जिल्ह्यांत सर्वांत आधी सुरू झाले, त्यांत वर्धा होता. हातातली एक गोळी सोडून तीन औषधांचा मारा सुरू झाला आणि सहा महिन्यांत किंवा वर्षभरात रुग्ण पूर्ण बरा होऊ लागला. उपचार सुरू होताच अल्पावधीत त्याच्यापासून इतरांना संसर्ग होण्याचे थांबते, हेही सिद्ध झाले.

याहून मोठी शुभवार्ता कोणती असू शकते? हजारो वर्षांचा शाप काही महिन्यांच्या गोळ्यांनी उतरत होता. या वार्तेचे समाजाने स्वागतही केले. सत्कार झाले, सेवाव्रतींना पुरस्कार मिळाले, वर्तमानपत्रांनी गौरवाचे लेख लिहिले. आणि बरा झालेला माणूस मात्र आपल्या गावी परतू शकला नाही. प्रमाणपत्र हातात असूनही त्याला घराच्या ओसरीवर वेगळे ताट मिळाले. त्याच्या मुलीच्या सोयरिकीच्या वेळी ती गोष्ट दडवावी लागली. म्हणूनच कितीतरी रुग्ण बरे होऊनही आश्रमातच राहिले. रोगाने सोडले तरी त्यांना राहायला दुसरी जागा उरली नव्हती.

बँकेच्या नोकरीत जिल्ह्यातील एका शाखेत मी हे दृश्य अनेकदा पाहिले. एक वयस्क खातेदार दर महिन्याला पैसे काढायला येत. रोग जाऊन अनेक वर्षे झाली होती, पण बोटे झडलेली, त्यामुळे सही नाही आणि धड अंगठाही नाही. अशा खातेदारासाठी बँकेच्या नियमात सोय आहे. हाताचा अंगठा उमटत नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा घ्यावा, बँकेस ठाऊक असलेल्या दोन साक्षीदारांनी तो ओळखावा आणि त्यांतील एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा. त्यांच्या ठशावर साक्षीची सही करण्याचे काम कित्येकदा माझ्याकडे आले. त्या वेळी माझे लक्ष रांगेकडे जाई. इतर दिवशी एकमेकांच्या खांद्यावरून डोकावणारी रांग त्या दिवशी त्यांच्या मागे चांगली दोन हात जागा सोडून उभी राहत असे. कोणी काही बोलत नसे. त्या रांगेत शिकलेले लोक होते, कुष्ठरोग बरा होतो हे परीक्षेत लिहून गुण मिळवलेले लोक होते. वार्ता त्यांच्या कानापर्यंत पोचली होती, पायापर्यंत पोचली नव्हती.

कायद्याचीही गत काही वेगळी नव्हती. 1898 चा कुष्ठरोग्यांविषयीचा इंग्रजी अमदानीतील कायदा 2016 मध्ये रद्द झाला. आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी कलमे वैयक्तिक कायद्यांतून 2019 मध्ये वगळली गेली. बहुविध औषधोपचार येऊन तोवर साडेतीन दशकांहून अधिक काळ लोटला होता. तेवढा काळ बऱ्या होणाऱ्या रोगासाठी संसार मोडण्याची मुभा कागदोपत्री कायम होती.

आपल्या वाचकांना हे वाचताना श्रीपाल आणि मयणासुंदरी आठवल्यावाचून राहणार नाही. वर्षातून किती वेळा आपण ही कथा ऐकतो! उज्जयिनीच्या राजाने रागाच्या भरात आपली कन्या कुष्ठपीडित श्रीपालाला दिली. मयणासुंदरीने ते आपले कर्म मानून स्वीकारले, सिद्धचक्राची आराधना केली, आणि श्रीपालासह त्याच्या सातशे साथीदारांचा कुष्ठ गेला. आपण या कथेतील चमत्काराशी थांबतो आणि धन्य धन्य म्हणतो. पण चमत्काराच्या आधीचा प्रसंग मला अधिक मोठा वाटतो. श्रीपाल बरा होईल याची कोणतीही हमी नसताना ती त्याच्या शेजारी बसली. आणि कथेतील समाजानेही नंतर एक गोष्ट केली: बऱ्या झालेल्या श्रीपालाला त्याने पुन्हा राजा म्हणून स्वीकारले. आपल्या जिल्ह्यातील किती श्रीपालांच्या वाट्याला हे दुसरे पर्व आले?

सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांमध्ये निर्विचिकित्सा हे एक अंग आहे. रोगी देहाची किळस न बाळगणे, हा त्याचा सरळ अर्थ. त्याचे उदाहरण म्हणून उद्दायन राजाची कथा सांगतात. एका देवाने परीक्षा पाहण्यासाठी कुष्ठाने गळणाऱ्या मुनीचे रूप घेतले, आहार घेतला आणि राजाच्या अंगावरच वमन केले. राजाला किळस आली नाही. आपल्याच आहारात काही दोष राहिला असेल म्हणून तो हळहळला आणि स्वतःच्या हाताने मुनींचे अंग धुऊ लागला. किळस नसणे याला आपल्या शास्त्रकारांनी शिष्टाचार मानले नाही. सम्यक्त्वाचे अंग मानले. ज्याच्यात ते अंग नाही त्याची श्रद्धाच अपुरी, इतका हा विषय त्यांनी गंभीर मानला.

शुभवार्तेला आणखी एका प्रकारे धक्का बसतो. डिसेंबर 2005 मध्ये आपल्या देशाने कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजार लोकसंख्येमागे एकाहून खाली आणले. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून त्याचे दूरीकरण झाले, ही यशाची वार्ता होती. पण लोकांनी तिचा अर्थ ‘रोग संपला’ असा लावला. प्रत्यक्षात आजही देशात दरवर्षी लाखाच्या आसपास नवे रुग्ण आढळतात आणि जगातील निम्म्याहून अधिक रुग्ण आपल्याच देशात आहेत. रोग संपला असे मानले की अंगावरच्या फिकट, बधिर चट्ट्याकडे कोणी लक्ष देत नाही. मग उशीर होतो, बोटे वाकतात, पायाला न दुखणाऱ्या जखमा होतात. औषध शासकीय दवाखान्यात विनामूल्य मिळत असताना हे व्यंग येते, याचे दुःख अधिक.

आमचे तळेगाव (श्यामजी पंत) नागपूर-अमरावती महामार्गावरचे गाव. येथेही आशाताई तपासणीसाठी दारात येतात. 30 जानेवारीला, गांधीजींच्या पुण्यतिथीला, कुष्ठरोगविरोधी दिन पाळला जातो आणि 2017 पासून ‘स्पर्श’ नावाच्या अभियानात ग्रामसभेतून याची माहिती दिली जाते. अभियानाचे नाव मला फार समर्पक वाटते. कारण सगळी अडचण तेथेच आहे. माहिती आपण घेतो, टाळ्या वाजवतो, दानही देतो. स्पर्शाची वेळ आली की हात मागे जातो. आशाताईंनी पाठ दाखवा म्हटले की प्रतिष्ठित घरांतून उत्तर येते, “आमच्याकडे असले काही नाही.” दार लावून घेणाऱ्या त्याच घरात संध्याकाळी एखाद्या दूरच्या सेवाकार्याच्या बातमीला अनुमोदना दिली जात असेल, तर ती कोणत्या खात्यात जमा होणार?

अनुमोदना मन, वचन आणि काया या तीन योगांनी होते. मनाचा हर्ष ही तिची सुरुवात, वाणीचा गौरव हा दुसरा टप्पा. काया मात्र फार थोडे मागते. आशाताईंना दार उघडून द्यावे आणि घरातल्या सर्वांची तपासणी होऊ द्यावी. चट्टा दिसला तर न लपवता दवाखान्यात जावे. बऱ्या झालेल्या माणसाला लग्नाच्या पंगतीत आपल्या शेजारचा पाट द्यावा, त्याच्या दुकानातून वस्तू घ्यावी, त्याच्या मुलांच्या सोयरिकीत त्याच्या जुन्या आजाराचा विषय काढू नये. यासाठी ना पैसा लागतो, ना वैद्यकाचे ज्ञान. ज्या कोणी औषध शोधले, ज्यांनी खेडोपाडी पायी फिरून ते पोचवले, त्यांच्या कामातला हा शेवटचा भाग आपल्याच वाट्याला आलेला आहे, आणि तो आपल्याशिवाय दुसऱ्या कोणाला करता येणार नाही.