पुसू नये



गेल्या आठवड्यात लोकमान्य नगरातल्या एका घरून माझ्याकडे एक डबा आला. स्पूल टेपचा, पुठ्ठ्याचा, कोपरे झिजलेला. वर शाईच्या पेनानं लिहिलेलं : 'आई. १९७१. पुसू नये.'

ते शेवटचे दोन शब्द वाचून मी बराच वेळ डबा हातात धरून बसले. कारण आमच्या घरच्या टेपवर असं कुणी लिहिलं नव्हतं, आणि मी पुसलं होतं.

सुरुवातीपासून सांगते. इंदूरचं आकाशवाणी केंद्र १९५५ मध्ये सुरू झालं, त्याच वर्षी माझा जन्म. आम्ही रामबागेत राहायचो. मी नऊ वर्षांची असताना शाळेतून मुलांच्या कार्यक्रमासाठी निवड झाली आणि बाबा मला टांग्यातून मालवा हाउसला घेऊन गेले. जाड दरवाजा, तो बंद झाला की बाहेरचा कावळासुद्धा ऐकू येत नसे. कागद वाजवायचा नाही, खुर्ची हलवायची नाही, लाल दिवा लागला की खोकायचंही नाही. कार्यक्रम घेणाऱ्या दीदी म्हणायच्या, "बेटा, माइक से नहीं, सामने बैठी सहेली से बात करो." आयुष्यात मला मिळालेली ती पहिली आणि सगळ्यात उपयोगी पडलेली शिकवण.

पुढची चार-पाच वर्षं मी जात राहिले. कविता, छोट्या नाटुकल्या, दिवाळीची पत्रं. नंदाजी-भेराजींचं माळवी बोलणं सगळं गाव ऐकायचं, त्याच रेडिओवर आपणही बोलतो याचा काय तोरा होता मला! पण घरी परत आल्यावर माझं बोलणं ऐकायला मिळायचं नाही. ते हवेत गेलेलं असायचं. आजी शेजारच्यांच्या घरी रेडिओपुढे मांडी घालून बसलेली असायची. ती म्हणायची, "छान बोललीस गं. पण आता गेलं ना ते? ठेवत का नाहीत कुठे?"

तेव्हा जगभर तीच रीत होती. टेप महाग, म्हणून एकच टेप पुसून पुन्हा वापरायची. लंडनच्या बीबीसीनंसुद्धा साठ-सत्तरच्या दशकांतले कितीतरी कार्यक्रम असे पुसले आणि आज लोक त्यांच्या प्रती जगभर शोधत फिरतात.

१९६७ च्या सुमारास मुंबईच्या काकांनी स्पूलचा टेपरेकॉर्डर आणला. सुटकेसएवढा. सगळ्यांना वाटलं, आता हिचा कार्यक्रम रेकॉर्ड करू. काकांनी मात्र आजीला समोर बसवलं आणि हरतालिकेची कहाणी सांगायला लावली. आजीची कहाणी म्हणजे आपल्या इंदुरी मराठीत, मधेच हिंदी, मधेच माळवी. जन्म सगळा इथला, पुणं तिनं पाहिलंही नव्हतं. अर्धा तास ती बोलली. टेप कपाटात गेली.

१९७२ साली मी कॉलेजात. बुधवारची बिनाका गीतमाला रेकॉर्ड करून मैत्रिणींना ऐकवायची, असं ठरलं. कोरी टेप मिळेना. कपाटात एक होती, वर काही लिहिलेलं नव्हतं. मी लावली आणि बटण दाबलं.

त्या मशीनमध्ये टेप आधी पुसणाऱ्या हेडवरून जाते आणि मग लिहिणाऱ्या हेडवरून. म्हणजे नवीन येण्याआधी जुनं गेलेलं असतं. हे मला पुढे कळलं.

पुढच्या वर्षी आजी गेली. वर्षश्राद्धाच्या दिवशी आई म्हणाली, "ती टेप लाव गं, सासूबाईंची." मी लावली. गाणी लागली. कुणी काही बोललं नाही, आई उठून स्वयंपाकघरात गेली. तिनं मला रागावलं असतं तर बरं झालं असतं.

नंतर एका रात्री मी एकटीनं ती टेप शेवटपर्यंत ऐकली. दोन गाण्यांच्या मधे, जिथे मी मशीन थांबवून पुन्हा सुरू केलं होतं, तिथे थोडीशी जागा पुसायची राहिली होती. आधी खोकला. मग आजी : "झालं का रे चालू? का मी उगाच बोलून राहिली?" बस, एवढंच. आमच्याकडे आजी आता एवढीच आहे.

पुढे नोकरीनिमित्त मुंबईला गेले आणि माहितीपटांच्या निर्मितीत शिरले. निर्माती म्हटलं की लोकांना काहीतरी झगमगीत वाटतं. प्रत्यक्षात हिशेब, गाड्या, डबे आणि रिळं. एका कामासाठी पुण्याला लॉ कॉलेज रोडवर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात गेले. मी मालवा हाउसला पहिल्यांदा गेले त्याच वर्षी, १९६४ मध्ये, ते सुरू झालेलं. पी. के. नायर साहेबांनी एकेक डबा गोळा करून ते उभं केलं. फाळक्यांच्या चित्रपटांची उरलीसुरली रिळंही त्यांनीच मिळवली. 'कालिया मर्दन' (१९१९) तिथेच पाहिला. कृष्ण झालीय ती फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. एवढीशी पोर, पडद्यावर खट्याळपणे हसते. मूकपट, त्यामुळे आवाज नाही, पण हसणं आहे. आणि आपला पहिला बोलपट, १९३१ चा 'आलम आरा'? त्याची एकही प्रत आज नाही.

सई परांजपे आपल्या सगळ्यांच्या आवडत्या. त्यांचीही सुरुवात पुण्याच्या आकाशवाणीवर, मुलांच्या कार्यक्रमांपासून. त्यांच्या आई शकुंतलाबाई परांजपे प्रभातच्या 'कुंकू'त (१९३७) आहेत, सुशीलेच्या भूमिकेत. तो चित्रपट राहिला, म्हणून सई जन्मायच्या आधीची त्यांची आई आजही चालते-बोलते. आपल्या घरात असं किती जणांना मिळतं?

जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली. पन्नासच्या आधीची फिल्म नायट्रेटची, भयंकर ज्वालाग्राही. जुनी रिळं खाक झाली. ज्यांच्या सेफ्टी फिल्मवर प्रती आधीच काढलेल्या होत्या, ते चित्रपट वाचले. ती बातमी वाचताना मला माझा पहिला माहितीपट आठवला. त्याची निगेटिव्ह जिथे ठेवली होती ती लॅब बंद पडली, आणि डबे कुठे गेले ते कुणालाच सांगता येईना. दुसरी प्रत मी काढलीच नव्हती.

निवृत्तीनंतर इंदूरला परत आले आणि हे काम धरलं. आपल्या लोकांच्या घरातले स्पूल, कॅसेट, आठ मिलिमीटरची लग्नाची रिळं उतरवून द्यायची.

तर ती लोकमान्य नगरातली टेप. मुलगा, म्हणजे आता सत्तरीचे गृहस्थ, बायको-नातवंडांसह आले. मी मशीन लावलं. आई वाड्यात कोण कोण राहतं ते सांगत होती, एकेका बिऱ्हाडाचं नाव घेऊन. गृहस्थ बराच वेळ ऐकत राहिले, मग म्हणाले, "आई इतकी हळू बोलायची? माझ्या डोक्यात तर ती ओरडतानाच आहे." नात म्हणाली, "आजोबा, पणजी तर तुमच्यासारखीच बोलून राहिली." सगळे हसले. मी चहा ठेवायला आत गेले.

मंडळी, दोन-चार गोष्टी तेवढ्या लक्षात ठेवा. जुनी टेप सापडली तर घाईनं जुन्या मशीनवर लावू नका, तुटते. फिल्मच्या डब्याला सिरक्यासारखा आंबट वास येत असेल तर ती खराब व्हायला लागली आहे, ती बाकीच्यांपासून वेगळी ठेवा आणि लवकर उतरवून घ्या. माळ्यावर ठेवू नका, आपल्या मे महिन्याच्या उन्हानं आणि नंतरच्या ओलीनं सगळं जातं. कोरड्या, थंड कपाटात ठेवा. उतरवलेलं दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, नुसतं फोनमध्ये नको.

आणि घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर आज संध्याकाळी त्यांच्यासमोर बसा. काय सांगू, असं विचारतील. वाड्यात कोण कोण राहायचं ते विचारा. मधे खोकला आला तर तोही राहू द्या.

आणि झाल्यावर वर नाव, तारीख लिहा. खाली लिहा, पुसू नये.