पपईच्या देठातली मेणबत्ती

परवा वळवाच्या वादळात लाईन गेली आणि इन्व्हर्टरही बसला. देवळीतली एक जुनी मेणबत्ती शोधून लावली. लाईन आल्यावर नातवानं ती फुंकली, अन् विझल्या वातीचा तो धुरकट, तेलकट वास घरभर झाला. त्या वासाबरोबर आत्या आठवली.

अचलपूरच्या आमच्या घरी आत्या मेणबत्त्यांची थोटकं डालड्याच्या डब्यात साठवायची. डबा भरला की परसातल्या पपईची पानं तोडायची. देठ आतून पोकळ. एक टोक ओल्या मातीनं बुजवायचं, मधून वात सोडायची, वरून वितळलेलं मेण ओतायचं. वात काडीला बांधलेली असे आणि ती काडी मी धरायचो. "हालवू नोको बापा, मधात राहू दे," आत्या म्हणायची. मेण थिजेपर्यंत ती शेजारी बसून राही.

वातीसाठी ती सुताचे तीन पदर घेई आणि पोरीची वेणी घालावी तशी विणे. नुसती पिळलेली वात काजळी धरते, हे तिला ठाऊक होतं. पुढे वाचनात आलं, की 1825 साली फ्रान्समध्ये कांबासेरेस यांनी अशीच विणलेली वात काढली. विणलेली वात जळताना वाकते, तिचं टोक ज्योतीच्या कडेला येऊन आपोआप जळून जातं. त्याआधी वाती सारख्या कातराव्या लागत. 15 डिसेंबर 1803 ला वेलस्लीच्या फौजेनं आमचा गाविलगड घेतला, त्या रात्री छावणीत मेणबत्त्या लागल्या असतील तर त्यांच्याही वाती कुणीतरी कातरतच बसला असणार. गाविलगडाकडे पाहिलं की लढाईआधी मला हेच आठवतं.

लोडशेडिंगच्या वर्षांत मुलीसोबत पुन्हा देठ भरले. मे महिन्यात पारा 45 वर गेला की दुकानातल्या बारीक मेणबत्त्या कपाटातच वाकायच्या. आमच्या जाड मेणबत्त्या जरा तग धरत. 1860 च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडेनं मुलांसमोर एका मेणबत्तीवर सहा व्याख्यानं सुरू केली. त्यातला प्रयोग आम्ही ओसरीवर केला. मेणबत्ती फुंकायची आणि वर चढणाऱ्या पांढऱ्या धुराला पेटती काडी लावायची. ज्योत धुरावरून उतरून वातीला लागते, कारण तो धूर म्हणजे मेणाचीच वाफ. परवा घरभर झालेला वास तिचाच.

काचेच्या वाटीतल्या सुगंधी मेणबत्त्या मला आवडत नाहीत. त्या मेणाचा मूळ वास झाकून टाकतात आणि मुलांच्या हाताला काही काम ठेवत नाहीत. वऱ्हाडात तर वात विकत आणण्याचं दुःख वेगळंच. इथला कापूस बाहेर नेण्यासाठी इंग्रज कंपनीनं शकुंतला रेल्वे बांधली. कापूस गेला, कापड होऊन परत आला, तेही दाम मोजून. ज्याच्या शेतात पऱ्हाटी उभी, त्याच्या घरी कापूस उरला तो वातीपुरता. आत्या ती वात इतक्या निगुतीनं का विणायची, हे आता कळतं.

मुलांना आगीपासून दूर ठेवून आगीची समज येत नाही. मेणाचं भांडं थेट आचेवर ठेवू नका, पाण्याच्या पातेल्यात ठेवा. मेण पेटलंच तर त्यावर पाणी न टाकता झाकण घाला. ओतायचं काम मोठ्यांनी करावं. एवढं सांभाळा, आणि या सुट्टीत घरातल्या मुलांना एक वात स्वतःच्या हातानं विणू द्या.